काढून टाका म्हणणाऱ्यांनो, आधी हिशेब दाखवा

माझ्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूला एक दाढ नाही. ती ३०० रुपयांत गेली.

तेव्हा मी २३ वर्षांची होते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते आणि पूर्वपरीक्षेला १९ दिवस उरले होते. दाढ तीन रात्री ठणकत होती. लवंगेचं तेल झालं, मीठ-पाण्याच्या गुळण्या झाल्या, मेडिकलवाल्याने न विचारता हातावर ठेवलेल्या गोळ्या झाल्या. चौथ्या दिवशी गल्लीतल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि विचारलं, "काढायची की रूट कॅनाल करायचं?" मी दोन्हीचे पैसे विचारले. काढायचे ३००. रूट कॅनाल आणि वरची कॅप धरून ६,५००. माझं मेसचं महिन्याचं बिल २,२०० रुपये होतं आणि तेही थकलं होतं.

घरी फोन केला. आई म्हणाली, "अगं, दुखतंय तर काढून टाक की. माझं बघ, निम्मे दात न्हाईत. काय अडलंय व्हय माझं?"

दहा मिनिटांत काम झालं. कापसाचा बोळा दाताखाली दाबून मी अभ्यासिकेत परत येऊन बसले. ठणका थांबला होता, तीन रात्रींनंतर डोकं हलकं झालं होतं, आणि आपण फार शहाणपणाने वागलो असं मला वाटत होतं.

नऊ वर्षांनी उजवीकडची दाढ दुखायला लागली. आता नोकरी होती, पगार होता. या वेळचा दवाखाना चकचकीत होता. वेटिंग रूममध्ये कॉफीचं मशीन, भिंतीवर शुभ्र हसणारी माणसं. एक्स-रे झाला, आणि डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हिच्यात आता काही अर्थ नाही. काढू आणि इम्प्लांट टाकू. ३५ हजार होतील, ईएमआय करून देतो." मी विचारलं, "वाचणार नाही का?" ते म्हणाले, "वाचवून काय करणार? आज ना उद्या जाणारच."

त्या रात्री पहिल्यांदा मला राग आला, आणि तो त्या एका डॉक्टरपुरता नव्हता. आधी माझ्याकडे पैसे नव्हते म्हणून दाढ काढायची होती. आता माझ्याकडे पैसे आहेत म्हणून दाढ काढायची होती. मग दाढ वाचवायची कुणाची?

०००

मी दंतवैद्य नाही. जबड्यातल्या एका मोकळ्या जागेने नऊ वर्षं जे शिकवलं आणि मग हट्टाने जे वाचलं, विचारलं, त्याच्या जोरावर हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे : ज्या दाताला वाचवता येतं तो दात काढणं, याला आपण इलाज म्हणणं बंद केलं पाहिजे. 'हा वाचेल का?' हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला गेला पाहिजे, आणि त्याचं उत्तर 'हो' असेल तर फक्त पैशापायी कुणाला तोंडात खड्डा घेऊन घरी जावं लागू नये.

यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. एका दाताचं काय एवढं? बत्तीस आहेत की!

म्हणून दात म्हणजे काय, ते आधी पाहू. आपण त्याला भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखं समजतो. प्रत्यक्षात दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरहूनही पातळ असा तंतूंचा थर असतो आणि त्या तंतूंवर दात टांगलेला असतो, झोळीत मूल असावं तसा. या थरात मज्जातंतूंची टोकं असतात. भात खाताना बारीकसा खडा दाताखाली आला की जबडा जागच्या जागी थांबतो ना, ते बरंचसं या थराचं काम. किती जोराने चावायचं, कुठे थांबायचं, भाकरीला किती जोर लावायचा आणि पेढ्याला किती, हे तो मेंदूला सांगत असतो.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. तो हाडाशी थेट जुळतो. मध्ये हा थर नसतो. ज्याचा दात खरोखरच गेला आहे त्याच्यासाठी इम्प्लांट ही फार मोलाची गोष्ट आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण ती गेलेल्या दाताची जागा भरणारी वस्तू आहे. असलेल्या दाताला हटवून तिला आणणं म्हणजे चालत्या पायाला लंगडतो म्हणून कापून जयपूर फूट बसवण्यासारखं झालं.

आता रूट कॅनाल. आपल्याकडे त्याला 'नस काढणं' म्हणतात, आणि या दोन शब्दांनीच निम्मी माणसं पळ काढतात. दाताच्या आत मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. कीड खोल गेली की जंतू या गरापर्यंत पोहोचतात, गर सुजतो. भोवती कठीण भिंती असल्याने सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून तो भयंकर ठणका. रूट कॅनालमध्ये भूल देऊन हा सडलेला गर काढतात, मुळांतल्या बारीक नळ्या साफ करतात, निर्जंतुक करतात आणि त्या भरून बंद करतात. भरायला बहुतेक वेळा गट्टा-पर्चा वापरतात. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलींवर याचंच आवरण असायचं. ज्याने पाणी समुद्रात तारेपर्यंत जाऊ दिलं नाही, तोच पदार्थ तुमच्या दाढेत जंतूंची वाट अडवून बसतो.

"पण मग तो मेलेलाच दात ना?" हा प्रश्न मला चांगली शिकलेली माणसं विचारतात. आतला गर जातो, हे खरं. पण दाताला धरून ठेवणारा तो बाहेरचा थर जिवंतच असतो, कारण त्याला रक्तपुरवठा हाडाकडून आणि हिरडीकडून होतो. म्हणून रूट कॅनाल झालेल्या दाढेलाही खडा कळतो. ती जबड्याचा भाग म्हणूनच राहते.

०००

आता हिशेबाकडे येऊ, कारण काढून टाका म्हणणारे सगळे हिशेबाच्याच नावाने बोलतात.

माझी ३०० रुपयांची दाढ घ्या. ती गेल्यावर पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. मग मागची दाढ हळूहळू मोकळ्या जागेकडे कलली. दात शेजाऱ्यांच्या आधाराने उभे असतात. एक गेला की रांग ढासळायला लागते. वरची दाढ, जिला खाली भिडायला कुणी उरलं नव्हतं, ती खाली सरकली. कललेल्या दाढेच्या फटीत रोज अन्न अडकायला लागलं. जिथे मूळ होतं तिथलं हाड झिजलं, कारण चावण्याचा दाब मिळाला नाही की जबड्याचं हाड आपणहून कमी होत जातं. मी नकळत उजव्या बाजूनेच चावायला लागले. नऊ वर्षांनी उजवी दाढ बिघडली, त्यामागे मुख्यतः माझा आळस आणि अभ्यासिकेखालचा गोड चहा होता. पण नऊ वर्षं दोघींचं काम एकटीने ओढल्याचाही त्यात वाटा असणार, असं मला वाटतं.

ती मोकळी जागा आज भरायची तर पर्याय तीन. शेजारचे दोन दात कोरून त्यांवर ब्रिज बसवायचा. नाहीतर इम्प्लांट, त्यासाठी कदाचित आधी हाड भरून घ्यायचं. नाहीतर काढ-घाल करायची कवळी. यातली पहिली दोन कामं त्या वेळच्या ६,५०० रुपयांत होत नाहीत. म्हणजे ३०० रुपये ही दाढ काढण्याची किंमत नव्हतीच. ते फक्त टोकन होतं. बाकीची रक्कम मी अजून भरते आहे.

आणि दाढ वाचली असती, तर टिकली असती का? २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. विमा कंपनीच्या नोंदींमधून रूट कॅनाल झालेल्या साडेचौदा लाखांहून जास्त दातांचा आठ वर्षांचा माग काढला होता. ९७ टक्के दात आठ वर्षांनंतरही तोंडात होते. ही विमा असलेली अमेरिकी माणसं होती, आपल्याकडचं चित्र तसंच असेल असं नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे : जे दात पुढे काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती.

आता आपल्या घरातलं बोलणं आठवा. "रूट कॅनाल करून काय उपयोग? माझ्या मावशीची दाढ वर्षात फुटली." मावशीने कॅप बसवली होती का, हे कुणी विचारत नाही. कॅपचे तीन-चार हजार वाचवले होते. पोकळ झालेली दाढ उघडी ठेवली, तिच्यावर सुपारी फोडली, आणि बदनाम झालं ते रूट कॅनाल.

दुसरी फसगत याहून वाईट. दाढ चार दिवस ठणकते आणि पाचव्या दिवशी आपोआप थांबते. घरात सगळे म्हणतात, बरी झाली. बऱ्याचदा अशा वेळी आतला गर मेलेला असतो, म्हणून दुखणं थांबतं. जंतू तिथेच असतात आणि मुळाच्या टोकाशी शांतपणे हाड खात बसतात. काही महिन्यांनी गाल सुजतो, तेव्हा वाचवण्यासारखं कमी उरलेलं असतं. गोळ्या घेऊन दिवस ढकलणाऱ्या माझ्यासारख्या पोरापोरींनी हे एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवावं : दाढ दुखायची थांबली म्हणजे ती बरी झाली असं नाही.

०००

दात वाचवण्याची धडपड ही काही श्रीमंतांनी काढलेली नवी चैन नाही. बलुचिस्तानातल्या मेहरगढला नऊ माणसांच्या अकरा दाढा सापडल्या, त्या ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या. त्यांना गारगोटीच्या टोकाने छिद्रं पाडलेली होती. छिद्रांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या आहेत, म्हणजे ती माणसं त्यानंतरही त्या दाढांनी चावत राहिली होती. भूल नव्हती, एक्स-रे नव्हता. तरी कुणीतरी दाढ उपटण्याऐवजी तिच्यावर काम केलं होतं.

उलट सगळं असूनही दात उपटत सुटण्याचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण दिलं. तोंडातल्या जंतुसंसर्गापासून शरीरभर रोग पसरतात, असा त्याचा रोख होता. त्यानंतर काही दशकं संधिवातापासून थकव्यापर्यंत कशाहीसाठी लोकांचे दात काढले गेले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन तर वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात उपटत असे. पुढे ही लाट ओसरली, कारण दात गेले तरी रोग जात नव्हते. रूट कॅनालमुळे कॅन्सर होतो, हृदय बिघडतं, अशा ज्या रील्स आज तुमच्या फोनवर येतात त्यांचं मूळ त्या जुन्या लाटेत आहे. केव्हाच बाद झालेला माल नव्या पॅकिंगमध्ये.

ब्रिटनमध्ये काही भागांत लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून द्यायची रीत होती. पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ च्या पाहणीत इंग्लंडमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं होतं. चाळीस वर्षांत तिथल्या माणसांचं दात घडवणारं रक्त बदललं नाही. फ्लोराइडची टूथपेस्ट आली, उपचार लोकांच्या आवाक्यात आले, आणि दात ही म्हातारपणाआधी जायचीच वस्तू आहे ही समजूत मोडली.

ही समजूत आपल्याकडे अजून मोडलेली नाही. उलट तिला अंधश्रद्धेची जोड आहे. वरची दाढ काढली की डोळे जातात, असं गावोगाव म्हणतात. हे खोटं आहे. या भीतीने दाढा वाचत असतील असं वाटेल, पण तसं होत नाही. भीतीने माणूस दवाखान्यात जातच नाही, मिश्री लावून ठणका मारतो, आणि जातो तेव्हा काढण्याशिवाय इलाज नसतो.

सगळ्यात मोठा फटका बसतो तो मुलांना. कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते. ती कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, सगळ्यात मागे नवीच उगवते. काही पडलं नाही, काही गेलं नाही, म्हणून आई-वडिलांना वाटतं ही दुधाचीच. मग तिला कीड लागली तरी "पडेल आपोआप, नवीन येईल" म्हणून सोडून देतात. ती पडते, पण नवीन येत नाही. साठ-सत्तर वर्षं पुरायची दाढ दहाव्या वर्षी जाते.

माझ्या आईची पहिली दाढ अशीच गेली. मग दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, काढून टाका, कटकट मिटेल. आज तिला वरची पूर्ण कवळी आहे. ती कवळी बहुतेक वेळा ताटलीत असते, कारण घातली की टोचते. आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी ती आता कालवणात अर्धा तास भिजवून खाते. शेंगाचटणी सोडली, कवळीखाली कूट जाऊन रुततं म्हणून. 'काय अडलंय माझं' असं म्हणणारी आई वयाच्या ५६ व्या वर्षी हरभऱ्याचा सोलाणा हातात घेऊन नातवाला देते. दात होते तेव्हा चणे नव्हते अशी तिची गत; आता चणे आहेत.

०००

आता दुसऱ्या बाजूचं बोलते, नाहीतर हे लिखाण अर्धवट राहील.

काही दात काढावेच लागतात. मूळ उभं चिरलं असेल, हिरडीच्या आजाराने हाड जाऊन दात हलायला लागला असेल, कीड हाडाच्या पातळीखाली गेली असेल, अक्कलदाढ आडवी रुतून वारंवार सूज आणत असेल, तर काढणं हाच योग्य उपचार. तिथे हट्ट करून उपयोग नाही.

आणि दंतवैद्य म्हणजे खलनायक, असंही माझं म्हणणं नाही. मी दोन-तीन जणांशी निवांत बोलले. एक जण म्हणाली, "ताई, पहिल्या सिटिंगला दुखणं थांबतं आणि पेशंट गायब होतो. सहा महिन्यांनी फुटलेली दाढ घेऊन येतो आणि सांगतो, तुम्हीच बिघडवली." खालच्या पहिल्या दाढेत साधारण तीन ते चार नळ्या असतात. त्या शोधून, साफ करून, भरायला तासन्‌तास लागतात. काढायला दहा मिनिटं. जागेचं भाडं, मशीनचं कर्ज, खासगी कॉलेजच्या फीचं कर्ज डोक्यावर असलेल्या तरुण डॉक्टरला कुठलं काम सोपं वाटणार? हे मला कळतं. पण कळणं म्हणजे मान्य करणं नव्हे. पेशंटला न विचारता 'हिच्यात अर्थ नाही' म्हणणं ही वैद्यकी नव्हे, विक्री आहे.

खरा आरोप व्यवस्थेवर आहे. देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. दरवर्षी हजारो दंतवैद्य बाहेर पडतात. ते शहरात एकाच रस्त्यावर चार पाट्या लावतात, आणि खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताची खुर्ची सहसा नसते. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. माझ्या गावात त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. सरकारी यंत्रणेत तालुक्याच्या ठिकाणी दंतचिकित्सक भेटला, तरी अनेकदा त्याच्याकडे दात काढण्याची सोय असते आणि वाचवण्याची नसते. गरिबाला पर्याय दिला जातो तो एकच, आणि मग म्हणायचं की लोकांना दातांची किंमतच नाही!

विम्याचं तर विचारू नका. माझ्या कंपनीचा ग्रुप आरोग्य विमा आहे. रूट कॅनालचं बिल पाठवलं, दोन दिवसांत नामंजूर. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींमध्ये दातांचे उपचार वगळलेले असतात. अपघातात दात दुखावला आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे दातावर गाडी यावी लागते. कीड लागलेली चालत नाही. हाडाला विमा आहे, डोळ्याला आहे, आतड्याला आहे. तोंड जणू शरीराबाहेर आहे.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दात भरण्याची आणि रूट कॅनालची सोय, फक्त चिमट्याची नाही. शाळेच्या आरोग्य तपासणीत सहाव्या-सातव्या वर्षी पहिल्या दाढेची तपासणी, आणि तिच्या खाचा बुजवणारा सीलंट. हे काम वेदनाहीन आहे आणि काही मिनिटांत होतं. आरोग्य विम्यात निदान एवढं कलम : दात वाचवण्याच्या उपचाराचा खर्च मिळेल.

०००

तोवर आपल्या हातात काय आहे? खुर्चीत बसल्यावर तोंड उघडण्याआधी तोंड उघडायचं. डॉक्टर, हा दात वाचवता येईल का? नसेल, तर का नाही, ते एक्स-रेवर दाखवाल का? वाचवला तर कॅपसकट एकूण खर्च किती? काढला तर ती जागा भरायचा खर्च किती? आणि तुम्ही स्वतः करणार की एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे फक्त मुळांचं काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवाल? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. चिडला तर एक्स-रे मागून घ्या आणि उठा.

पैसे नसतील, तर दंत महाविद्यालयात जा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, महापालिकेचं नायर आहे. नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहे. खासगी महाविद्यालयांच्या ओपीडीतही बाहेरपेक्षा बरेच कमी पैसे लागतात. विद्यार्थी काम करतात, वर शिक्षक पाहत असतात. रांग असते, तीन-चार चकरा होतात. मी सदाशिव पेठेत होते तेव्हा असं महाविद्यालय माझ्या खोलीपासून पीएमटीच्या एका तिकिटावर होतं. राज्यघटनेची कलमं मला तोंडपाठ होती, हे मला माहीत नव्हतं.

आणि खेळताना, गाडीवरून पडून अख्खा दात मुळासकट बाहेर आला, तर तो फेकू नका. दिसतो त्या बाजूने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. कायमचा दात असेल तर पाण्याने हलकासा धुऊन लगेच जागेवर बसवायचा. जमलं नाही तर दुधात टाकून अर्ध्या-एक तासाच्या आत डॉक्टरांकडे पोहोचायचं. मुळावरचा तो पातळ थर तोवर जिवंत असतो. दात परत रुजू शकतो.

माझी उजवी दाढ वाचली. ईएमआयवाल्या दवाखान्यातून एक्स-रे घेऊन मी एका एंडोडॉन्टिस्टकडे गेले. तिने तो दिव्यासमोर धरला आणि म्हणाली, "भिंती चांगल्या आहेत. करू या." दोन सिटिंग, एक कॅप, सगळे मिळून ११,००० रुपये. दोन वर्षं झाली. ती आज ना उद्या जाईलही. मीही जाईन. म्हणून आजच कुणी कुणाला काढून टाकत नाही.

मागच्या रविवारी वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. सात वर्षांचा शौनक गालाला हात लावून मागे रडत होता. "ताई, काही नाही, मागचा दात किडलाय. दुधाचाच आहे. हे म्हणतात, उद्या काढूनच आणतो, म्हणजे कटकट मिटेल."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही टॉर्च लावा आणि मोजा. मधल्या रेषेपासून मागे. पाचपर्यंत दुधाचे असू शकतात. सहावा असेल तर तो कायमचा."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. शौनकचं आऽऽ, आणि वहिनीचं मोजणं. एक, दोन, तीन, चार, पाच.

मग बराच वेळ काहीच नाही.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "सहावा आहे."

"दादाला फोन द्या," मी म्हटलं.